कागदावरची तीन वर्षं

माझा दादा तेरा वर्षांचा असताना सोळा वर्षांचा ठरला आणि तुरुंगात गेला. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती. मी तेव्हा दहा वर्षांची. त्या घरातली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून सांगते. सांगून मन हलकं होतं म्हणतात, माझं कधी झालेलं नाही.

आमचं गाव भूमच्या अंगाचं, कोरडं. माघ सरता सरता हरभरा भरतो, तेव्हा पोरं हिरवे डहाळे जाळात धरून हावळा भाजतात आणि काळी तोंडं घेऊन घरी येतात. त्या वर्षी चार पोरांनी जाळ केला तो नेमका गावातल्या एका बड्या असामीच्या कडब्याच्या गंजीजवळ, आणि वारा सुटला. तिघं पळाली. दादा मात्र अंगातला सदरा काढून आग झोडपत बसला. मालक धावत आला तेव्हा जळत्या गंजीपाशी तो एकटाच होता. पळाले ते सुटले. शहाणपण कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

पोरानं मुद्दाम गंजी पेटवली, अशी मालकानं फिर्याद दिली. अमीन, म्हणजे तेव्हाचा फौजदार, घोड्यावरून आला आणि दादाला दोरी लावून तालुक्याला घेऊन गेला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्हाला कुणी विचारलंच नाही. कचेरीबाहेर लिंबाखाली एक अर्जनवीस बसायचा, लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचा. तो वडिलांना म्हणाला, "चौदाच्या आतलं पोर असलं तर मुन्सफसाहेब छड्या मारून बापाच्या हवाली करतेत. पण पाटलाच्या दप्तरात तुमचं पोर सोळाचं हाय. मोठ्या माणसागत सजा व्हईल."

दप्तर खोटं नव्हतं. दादाच्या आधी आईला एक मुलगा झाला होता. आमच्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव देतात, तसं त्याला दिलं आणि जन्म पाटलाकडे लिहिला. ते बाळ वर्षाचं असताना आईच्या माहेरी वारलं. दुसऱ्या तालुक्यातलं मरण आमच्या पाटलाला कळवायचं कुणाच्या ध्यानात येणार? पुरण्याआधी माझ्या आजीनं, आईच्या आईनं, त्याच्या कानामागं काजळाचं बोट लावलं. पुन्हा पोटी आला तर ओळखू यावा म्हणून. दोन वर्षांनी दादा जन्मला तो कानामागं काळा डाग घेऊनच. झालं! तोच परत आला असं घरात ठरलं, तेच नाव ठेवलं. परत आलेल्याचा जन्म पुन्हा कशाला लिहायचा?

बाळ गेलं तेव्हा वडील तिथं नव्हते, आणि आजी पुढं वारली. साक्ष द्यायला उरली एकटी आई. अर्जनवीसानं तिला एकच वाक्य पढवलं: या नावाचं माझं पहिलं पोर मेलं, हा त्याच्या पाठचा. तारखेच्या दिवशी बैलगाडीत वडील तेच घोकून घेत होते.

"म्हण की एकदा."

आई पदर तोंडात धरून बसली होती. "तुमी सांगा की. मला नगा बोलाया लावू."

"म्या तिथं नव्हतो. माझं कोण ऐकतंय?"

कचेरीत दादा समोरच उभा होता, दोरीसकट. महिन्याभरात त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मला बघून हसला. मुन्सफ उर्दूत विचारायचे आणि त्यांचा कारकून, पेशकार, ते मराठीत सांगायचा. त्यानं दादाचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आणि विचारलं, "या नावाचा तुझा मुलगा मेला का?"

आईनं दादाकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल. मनातल्या मनात मीच ते वाक्य म्हणत होते.

"असं अभद्र नका बोलू, साहेब," आई म्हणाली. "माझं लेकरू जित्तं हाय. त्ये काय, हुबं हाय."

हशा पिकला. "अगं, पयल्याचं सांग!" वडील मागून कळवळले, तर शिपायानं त्यांना बाहेर काढलं. पेशकारानं आणखी दोनदा विचारलं. आई रडायला लागली, पण बोलली तेच. समोरच्या पोराच्या ओठावर लवसुद्धा फुटलेली नाही, हे त्या दालनात कुणालाही दिसत होतं. मुन्सफांनी मान खाली घालून कागद वाचला. दोन वर्षं सक्तमजुरी.

मी आईवर वर्षानुवर्षं चिडून होते. एकदा विचारलंच, तर म्हणाली, "पोटच्या लेकराला त्याच्यादेखत मेला म्हणू व्हय?" पण राग काही गेला नाही. रागवायचं होतं ते मान वर न करणाऱ्या माणसावर. तो लांब होता आणि आई हाताशी होती, एवढंच.

तुरुंग फार दूरचा. वडील एकदाच भेटून आले. दादा दरोडेखोरांच्या बराकीत असतो, त्यांच्याबरोबर चक्की ओढतो, एवढं बोलले आणि भाकरीवरून उठले. त्या दिवसापासून आई दळताना ओवी म्हणेनाशी झाली.

दादा सुटून आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आई ओवाळायला भाकरतुकडा घेऊन दारात उभी. तो उंबऱ्याशी येऊन थांबला. सदऱ्याची बटणं सोडली, दोन्ही हात वर केले आणि तसाच उभा राहिला. वडिलांनी तुरुंगाच्या दारात कैद्यांची अशीच झडती घेतलेली पाहिली होती. त्यांनी तोंड फिरवलं. आईला वाटलं, पोरगं कवेत घे म्हणतंय. भाकरतुकडा टाकून तिनं त्याला मिठी मारली आणि त्याच्या पाठीवरून, काखेतून, डोक्यावरून हात फिरवत राहिली. दादा जरासुद्धा हलला नाही. तिचे हात थांबल्यावर त्यानं खाली बघत विचारलं, "आत जाऊ?"