मागच्या फाटकाबाहेरचा आशीर्वाद

राजधानी झाल्यापासून रायपूरला नियमांचा हुरूपच चढला होता. सिगरेटला आधी ऑफिसात बंदी आली, मग बसस्टँडवर, आणि माझं लग्न जुळवणं चाललं होतं त्या हिवाळ्यात तलावाकाठच्या उघड्या बागेतही. चौकीदार शिट्टी फुंकत झुडपांमागे डोकवायचा. मला तर आनंदच झाला. बाबांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून सिगरेट सोडली होती. निदान आम्ही तसं समजत होतो.

पाहण्याचा कार्यक्रम मी हट्टाने बागेत ठेवला. घरी पोह्यांचा ट्रे घेऊन लाजत बाहेर यायची माझी अजिबात तयारी नव्हती. त्याचे आईवडील आधीच भेटून गेले होते, त्यामुळे मुलगा एकटाच आला. मला तो फोटोतच आवडला होता. धास्ती होती ती बाबांची. जावई सुपारीसुद्धा न खाणारा हवा, असं त्यांनी तात्यापाऱ्यातल्या झाडून साऱ्या मराठी घरांत सांगून ठेवलं होतं.

मुलाने मला हसवलं, मी त्याला हसवलं, आणि मी पुरती वेडी झाले. मग तो "फोन करून येतो" म्हणून उठला. जरा वेळाने बाबाही "गाडी पाहून येतो" म्हणत गेले. कोणीच परतेना. आई म्हणाली, "पाहून ये वं पोट्टी, काय करून राहिले दोघं."

मी मागच्या फाटकाशी गेले. शिट्टीच्या धाकाबाहेर तेवढीच जागा उरली होती. दोघं समोरासमोर, दोघांच्याही बोटांत पेटलेली सिगरेट. संपलं सगळं! पण मोठ्यांसमोर सिगरेट ओढायची नाही, हे मुलाच्या अंगात मुरलेलं. त्याने ती फेकली आणि घाबरून थेट बाबांच्या पाया पडला. बाबांचा हातही सवयीने आशीर्वादाला उठला, सिगरेटसकट, आणि सगळी राख त्याच्या केसांत. मी फाटक धरून इतकी खिदळले की चौकीदाराने माझ्यावरच शिट्टी फुंकली.

परतल्यावर बाबा घाईघाईने म्हणाले, "पोट्टा चांगला आहे. एकदम निर्व्यसनी."

आईने मुलाच्या केसांतली राख पदराने झटकली आणि बाबांकडे पाहिलं. "मले बी पसंत आहे," ती म्हणाली. "पण आजपासून दोघांची बंद. एकानं ओढली तर दुसऱ्यानं मले येऊन सांगायचं."

"हव," दोघं एका सुरात म्हणाले.

लग्नाला कितीतरी वर्षं झाली. अजून एकानेही दुसऱ्याची चहाडी केलेली नाही.