डावीकडून उतरायची गाडी

माझ्या माहेरी पिकअप उभी करतात ती जागा मुळात बैलांची. गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा बैल विकले गेले. गाडी आल्यावर बाबांनी गोठ्याचा कूड काढून विटांच्या दोन भिंती घातल्या. माप त्यांनी स्वतः घेतलं. अंगणात उभ्या गाडीला एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत सुतळी लावली आणि त्याहून वीतभर जास्त जागा सोडली. मिस्त्री काहीतरी सांगू पाहत होता, पण बाबांनी त्याला बोलू दिलं नाही. भिंती उभ्या राहिल्या, वर छपराच्या टिना चढल्या, नारळ फोडून गाडी आत घातली आणि दादा आतून हॉर्न वाजवत राहिला. दार उघडायला जागाच नव्हती. बैलाला दार नसतं, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग दादानंच युक्ती काढली. उजवा आरसा दुमडून गाडी त्या भिंतीला अगदी चिकटवली, तर डावीकडचं दार एका माणसापुरतं उघडतं. गिअरवरून पाय टाकायचा, पलीकडच्या सीटवर सरकायचं आणि तिकडून उतरायचं. चढतानाही तसंच. एक भिंत काकांच्या घराला लागून आणि दुसरीवर टिनांचा भार, त्यामुळं "पुढच्या वर्षी पाहू" असं बाबा म्हणत राहिले. पुढं बाबाच गेले. आई त्याआधीच गेली होती. बाबांच्या हातची भिंत म्हणून आता दादाच ती पाडू देत नाही.

गाडी आली तेव्हा दादा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता आणि मी दहावीत. त्याचं कॉलेज सुटलं. ते कोणी सोडवलं, कधी ठरलं, मला आठवत नाही. त्या दिवसांत आमच्या घरात गोष्टी ठरत नसत, होऊन जात. दादा गाडी चालवू लागला आणि मी शिकत राहिले.

आमचं गाव दवनीवाड्याजवळ. कॉलेज गोंदियाला. तीन वर्षं मी पुष्कळदा त्याच गाडीतून गेले. मागं कधी वांग्याचे कॅरेट, कधी धानाची पोती, कधी कोणाच्या लग्नाच्या खुर्च्या. आमच्या फाटकाबाहेर हापसा आहे आणि त्याच्याभोवती बारा महिने चिखल. माझे कपडे खराब होऊ नयेत म्हणून दादा मला आत, भिंतींच्या मधेच बसवून घ्यायचा. मी मांडीवर वही उघडून बसायचे.

"आज कोनता पेपर?"

"राज्यशास्त्र."

"मंग काय भेव हाये? गावात तेच त पाहतो आपन."

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आता गोंदियातल्या एका शाळेत शिकवते. वर्गात मुलांना माझ्या शिक्षणाबद्दल सांगायची वेळ येते तेव्हा मी पिकअपचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जात नाही. मुलं हसतात. मी हसू देते.

लग्न होऊन मी गोंदियाला लागूनच असलेल्या मुर्रीला आले. माझे पती एका राईस मिलमध्ये सुपरवायझर आहेत. काम इमानदारीनं करतात, पण मालकाची बोलणी खाऊन घरी आले की जेवणावर मन नसतं. मागच्या वर्षी त्यांच्या मनात पिकअपनं घर केलं. नोकरी सोडायची, गाडी घ्यायची, आपणच आपले मालक व्हायचं. मोबाईलवर ते गाड्यांचे व्हिडिओ पाहू लागले. त्यात गाडीचे मालक सांगत असतात, गाडी कशी आहे, परत घ्यायची झाली तर हीच घेऊ की दुसरी. एकजण हो म्हणायचा, दुसरा नाही म्हणायचा, आणि ह्यांची झोप उडायची.

शेवटी एक दिवस ते म्हणाले, "सीधी बात आहे. हे सगळे अनोळखी लोक. आपल्या घरात एक माणूस आहे, ज्यानं तीच गाडी एवढी वर्षं चालवली. दादांना विचारू. परत हीच घेतली असती म्हणाले, तर मी मिल सोडतो. नाही म्हणाले, तर विषय बंद. यार, त्यांच्याइतकं खरं कोण सांगणार?"

मला हो म्हणावं लागलं, पण त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दादानं हो म्हटलं तर माझा नवरा त्या केबिनमध्ये जाऊन बसणार. दादाला मी घरी कधी वेळेवर जेवताना पाहिलेलं नाही. आणि दादानं नाही म्हटलं तर? मग माझी तीन वर्षं, माझी डिग्री, माझी शाळा, हे सगळं ज्या गाडीवर बसून आलं तीच त्याला नको होती, हे मला ऐकावं लागणार. दोन्हीपैकी कोणतं उत्तर मला चाललं असतं, हे मलाही सांगता येत नव्हतं.

शिवाय आमच्याकडं जावयाला कोणी नाही म्हणत नाही. जावई मागेल ते द्यायचं आणि विचारेल त्याला मान डोलवायची. म्हणजे दादाला खरं विचारलं तरी खरं उत्तर मिळेल, याची खात्री नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही माहेरी जेवायला बसलो असताना ह्यांनी विचारलंच. "दादा, समजा आज परत घ्यायची असती, तर हीच गाडी घेतली असती का?"

दादानं ताटातून मान वर केली. "जवाईबापू, पापड घ्या ना."

"दादा, मी सीरियसली विचारतोय."

वहिनी वाढता वाढता थांबली. दादानं पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाला, "मी सांगून काय समजन? असं करा. दिवाळीची सुट्टी हाये न तुमाले? तेवढे दिवस तुमीच चालवा. मंग मी सांगतो."

हे एवढे खूश झाले की त्यांनी पापड घेतला.

सुट्टी लागली आणि आम्ही माहेरी राहायला गेलो. पहिल्या दिवशी दादानं ह्यांना डावीकडून सरकायचं शिकवलं. ह्यांचं पोट आता जरा सुटलेलं. गिअरपाशी अडकले तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली. पण बाहेर निघाल्यावर ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. केबिनमध्ये बसून फोटो काढला, मोबाईलवर स्टेटसला ठेवला. धान कापणीला आलेलं होतं, त्यामुळं कामाला तोटा नव्हता.

मला वाटलं होतं, दादा आता झोपा काढेल. पण तो सकाळी उठून, दाढी करून, फाटकापाशी खुर्ची टाकून बसला. येणाऱ्याला सांगायला.

"गाडी कुठी गेली गा?"

"जवाई घेऊन गेले."

"अन तू घरीच? गाडी गेली न डायवर राह्यला, असं पयल्यांदाच पाहून राहिलो."

येणारा तेवढ्यावर जायचा नाही. त्याला विटा आणायच्या असायच्या, नाहीतर सासऱ्याला दवाखान्यात न्यायचं असायचं. दादा खिशातून मोबाईल काढून ह्यांना फोन लावायचा. "जवाईबापू, येताना जरा तिकून याल काय?" फोन ठेवला की पुढचा माणूस. संध्याकाळपर्यंत दादा त्या खुर्चीतून गाडी चालवत असायचा.

"सवत गेली फिराले," वहिनी म्हणाली, "तरी मन तिच्यातच हाये यांचं."

मला एक सुचलं. दर महाशिवरात्रीला दादा गावातल्या लोकांना आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडला घेऊन जातो. लोक वर चढतात, महादेवाचं दर्शन घेतात, दर्ग्यावर जातात. मी त्याला विचारलं, "वर कसं आहे रे?"

"खालून चांगला दिसते गड."

"म्हणजे तू कधी चढलाच नाहीस?"

"गाडी कोन राखन वो बाई?"

"आता तर गाडी नाही. चल, उद्या एसटीनं जाऊ. मी, तू, वहिनी."

त्यानं खरंच विचार केला. मला दिसत होतं. चेहरा थोडा मोकळा झाला, मग परत मिटला. "अन कोनाचा फोन आला त? जवाईबापूले रस्ते नाही माहीत सारे."

आम्ही गेलो नाही.

मग भाऊबीज आली.

भाऊबीजेला आमच्याकडं एसटीत पाय ठेवायला जागा नसते. लेकीबाळी पोरं घेऊन माहेरी निघतात. कोणाचा भाऊ घ्यायला येतो, कोणाला येता येत नाही. ज्याच्याकडं गाडी आहे त्याच्याकडं मग सगळे येतात. दरवर्षी ह्या दिवशी मी पाट मांडून, निरांजन तयार ठेवून दादाची वाट पाहत बसायचे. तो दुसऱ्यांच्या बहिणी पोचवून दिवे लागल्यावर यायचा, हातपाय धुऊन पाटावर बसायचा आणि ओवाळताना त्याचे डोळे मिटत असायचे.

यंदा तो सकाळीच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पाटावर येऊन बसला. इतका वेळेवर, की माझंच ताट तयार नव्हतं. मी ओवाळलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "दिवसा काई वेगळंच वाटते वो."

माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण, आमगावला राहते. भावाला ओवाळल्याशिवाय ती घास घेत नाही. हे सकाळी म्हणाले होते, "दोन फेऱ्या मारतो आणि दुपारी आमगावला निघू." दुपारी ह्यांना फोन आला, एका बाईला लेकरू घेऊन तिच्या माहेरी सोडायचं आहे, तिचं गाव आडवाटेला आहे. मग दुसरीचा. मग तिसरीच्या भावाचा, की तुम्ही तिकडं आहातच तर. मधून मधून नणंदेचा फोन मला यायचा. "कुठपर्यंत आला?" मी म्हणायचे, येतच आहेत.

दिवस मावळायला आला तेव्हा गाडीचा आवाज आला. हे फाटकातून आत आले, आरसा दुमडला, गाडी भिंतीला चिकटवली. आणि मग उजवं दार उघडलं. दार भिंतीवर आदळलं. एवढे दिवस न विसरलेली गोष्ट त्या दिवशी विसरले. त्यांनी दार ओढून घेतलं, पण पलीकडे सरकले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

दादा डावीकडच्या फटीतून आत गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागं. तो खिडकीत वाकून म्हणाला, "जवाईबापू, इकून या."

"हो, माहीत आहे." पण ते हलले नाहीत. सीटवर मोबाईल वाजत होता. नणंदेचंच नाव. "दादा, ताईचा फोन आहे. उचलायची हिंमत नाही होत. सकाळपासून उपाशी बसली आहे, आणि मी दुनियेच्या बहिणी पोचवून राहिलो. नाही कोणाला म्हणू? कडेवर लेकरं घेऊन उभ्या होत्या."

खिडकीवर हात ठेवून दादा आत पाहत होता. केबिन, स्टिअरिंग, त्यामागं बसलेला दमलेला माणूस. मला वाटतं, एवढ्या वर्षांत त्यानं ती जागा बाहेरून पहिल्यांदाच पाहिली असेल.

"आता तरी सांगा," हे म्हणाले. "जावई म्हणून नका सांगू. परत हीच गाडी घेतली असती का?"

"गाडी घेतली असती," दादा म्हणाला. "गाडीचा काई दोष नाही. बाई शिकली हिच्यावर. बाबाचं दवापानी झालं. घेतलीच असती." मग थोडा थांबला. "मी नसतो बसलो."

"मग कोण बसलं असतं?"

दादा हसला. "बाबानं बी हेच इचारलं होतं."

मी भिंतीला हात टेकला. बाबांची मुलं आम्ही दोघंच होतो.

मग ह्यांनी गिअरवरून पाय टाकला, सदरा दांड्याला अडकला, तो सोडवला आणि डावीकडून बाहेर आले. चावी दादाच्या हातात देत म्हणाले, "सुट्टी संपली की मिलमध्येच जातो." माझ्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. ते उतरलं नाही. नुसतं जागा बदलून बसलं.

त्यांनी बहिणीला फोन लावला. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. एवढंच म्हणाली, "ये, मी दिवा लावून ठेवते."

"चला," दादा म्हणाला. "मी नेतो."

"नको दादा, तुम्ही आज घरी राहा. मी चालवतो."

"तुमाले झोप येऊन राहिली. बसा."

वहिनी ओसरीवरून म्हणाली, "आली सवत, निघाले लगेच." पण तोवर ती फराळाचा डबा बांधायलाही लागली होती.

दादानं धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. त्या अरुंद जागेत आम्ही तिघं एकामागं एक उभे होतो आणि चढायला दार एकच. कॉलेजच्या दिवसांत होता तोच क्रम. आधी दादा आत शिरला आणि गिअरवरून पलीकडं सरकला. मग मला बसायला जागा झाली.