सड्यावरची माती

मी घर सोडलं तेव्हा गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या. कुडपणच्या वरच्या अंगाला आमची वाडी. गाडीरस्त्याला लागायची जवळची वाट सड्यावरून, म्हणजे उघड्या जांभ्या कातळावरून. पण गौरीचा तेरडा आणेपर्यंत सड्यावर गुरं घालायची नाहीत, माणसानंही फिरायचं नाही, ही वाडीची रीत. आप्पा, तुम्ही माझी बॅग डोक्यावर घेतलीत आणि लांबच्या वाटेनं निघालात. विमान चुकेल म्हणून मी चिडले, तर म्हणालात, "चुकूदे. फुलां तुडवून गेलीस तर परत कुठल्या तोंडानं येशील गो?"

त्या वाक्याचीच भाकरी मी इथे स्वित्झर्लंडमध्ये खातेय. निकेलनं भरलेल्या काळपट हिरव्या खडकावरची रानफुलं ओळखायची, नकाशावर टाकायची, हे माझं काम. ती माती इतर गवतांना सोसत नाही, म्हणून तर या फुलांना तिथे जागा मिळते. वाट सोडून दोन पावलं गेलं की वनरक्षक खेकसतो. त्याच्या जर्मनमध्ये मला तुम्हीच ऐकू येता.

आणि यंदा गणपतीला मुंबईहून घरी गेलेल्या चुलतभावानं, बाळ्यानं, व्हिडिओ पाठवला. "ताई, सरप्राइज! सडा बघ, एकदम तुझं स्वित्झर्लंड करून टाकलाय!"

उन्हाळाभर अख्ख्या वाडीनं घमेल्यांनी शेतातली माती वाहून कातळावर पसरली होती. त्यात महाडहून आणलेलं कॉसमॉसचं बी. कमरेएवढी गुलाबी-केशरी झाडं, आणि मधोमध नवा सदरा घालून हसणारे तुम्ही.

माझं डोकंच फिरलं. सीतेची आसवं, ती इवली निळी फुलं, गाडलीत. गेंदाचे पांढरे गोंडे गाडलेत. कड्याजवळचं ते दोन बोटांचं पांढरं फूल, ज्याचं नाव मला अजून कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही, ज्याला ओळखायला मी पुढल्या भादव्यात येणार होते, तेही गाडलंत! फोनवर मी तुम्हाला नको नको ते बोलले. तुम्ही एवढंच म्हणालात, "खडकाव उपाशी होती गो ती. म्हनून माती घातली. तुला नाय का, हितं भागत नाय म्हनून भायेर धाडली?"

फोन ठेवला आणि बेसिनमधली भांडी आपटली. राग अजून उतरलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे. ही फुलं उपाशी नसतात, सकस माती दिली की दांडगं गवत त्यांना गिळतं, हे मी परक्या पोरांना शंभरदा शिकवलं. तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. फोटो तेवढे पाठवत राहिले. पोर फुलांपायी परदेशात अडकलीय, तर इथेच फुलवू, असं तुम्हाला वाटलं.

शिमग्याला येतेय. घमेली काढून ठेवा, बाळ्यालाही रजा टाकायला सांगा. पावसाआधी सगळी माती उचलायची, शेवटी झाडूनं, कातळ लागेपर्यंत. मी शिव्या घालेन, त्या ऐकून घ्या. भेगांमध्ये बी तग धरून असेल तर भादव्यात वर येईल; ते बघायला मी ठरल्याप्रमाणे तेव्हा पुन्हा येईन. मला घर म्हणून आठवते ती आपली लांबची वाटच. पण काहीच उगवलं नाही, तर निघताना मला सरळ सड्यावरूनच न्या, आप्पा. वळसा घालण्यासारखं तिथे काही उरलेलं नसेल.