प्रत्येक फोटोत मध्ये आई

“मॅडम, तुमच्या प्रत्येक फोटोत दोघांच्या मध्ये एक बाई उभ्या आहेत,” नागपूरचा व्हिसा एजंट फोनवर म्हणाला. “लग्न खरं आहे हे दाखवायचंय आपल्याला. पुरावा कमी पडला तर अर्ज नाकारतील.”

फोन स्पीकरवर होता, आणि त्या बाई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोरच मेथी निवडत बसल्या होत्या.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. नवरा ऑस्ट्रेलियात, मी करडीला सासरी. तो दिवाळीपुरता सुटीवर आला होता आणि लगेच परत जाणार होता. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याला खेटून उभं राहायचं नाही, ही घरची रीत. कोणी मोबाइल उचलला की आई आपणहून मध्ये येऊन उभ्या राहायच्या. मला ते बरंच वाटायचं. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून लोक मला धीट समजतात, पण फोटोत हात कुठे ठेवायचे हे मला अजून कळत नाही. आमचे मेसेज पुरावा म्हणून द्यावेत, तर फोन घरभर फिरतो म्हणून मी ते रोज पुसून टाकलेले.

“म्हंजे माह्याच्यानं अटकून राहिलं काय तुमचं?” आईंनी विचारलं.

“तसं नाही, आई.”

“तसंच हाय. उद्या मंडईत मीच काढतो तुमचा फोटो.”

मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणारी जत्रा. लेकीजावयांनी घरं भरतात, रात्री नाटक असतं. दुकानांच्या मागे, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत आईंनी आम्हाला उभं केलं. आम्ही सवयीनं एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभे राहिलो.

“बायको हाय थे, पाहुनी नाही,” आई लेकाला म्हणाल्या. “सरक तिच्याकडं.”

“आई, लोक पाहून राहिले.”

“पाहू दे ना. थ्या व्हिसावाल्या साहेबालेही पाहाचंच हाय.”

मला हसू आलं. तो सरकला, माझ्या केसांत अडकलेली तणसाची काडी काढायला लागला, आणि इतक्या लोकांसमोर मी पहिल्यांदाच मागे झाले नाही.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. ऊन आईंच्या पाठीशी होतं. त्यांची लांब सावली, डोक्यावरच्या पदरासकट, बरोबर आमच्या दोघांच्या मधोमध पडली होती.

“हे काळं काय हाय?”

“तुम्ही आहात.”

“मंग काप ना बाई तेवढं.”

एजंटनंही तेच सांगितलं. मी कापलं नाही. फोटो तसाच पाठवला, आणि मग कितीतरी दिवस, त्याच्यामुळेच काही अडलं तर, या धास्तीत काढले.

उन्हाळ्यात व्हिसा आला. आपल्या फोटोनं काम झालं, असं आईंनी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरत होते.

“आता तिकडं काढजा फोटो,” त्या म्हणाल्या. “मधात कोनी नसन.”

वजन जास्त होतं म्हणून मी काढून ठेवलेली लाखोळीच्या डाळीची पिशवी त्या परत बॅगेत, माझ्या आणि त्याच्यासाठी न्यायच्या कपड्यांच्या मध्ये, दाबून बसवत होत्या.