डाव्या पिळाच्या पेंढ्या

आधीच सांगून टाकते, भुताखेतावर माझा विश्वास नाही. आपल्या मासिकात येणारे असे अनुभव मी वाचते, आणि निम्म्याहून जास्त मला पटत नाहीत. मंगरूळपीरच्या दवाखान्यात मी अठरा वर्षं नर्स आहे. कुणाच्या अंगात आलं म्हणून बोलावणं आलं की मी आधी ताप बघते... बहुतेक वेळा तापच असतो. तेव्हा पुढचं मी भुताचं म्हणून लिहीत नाही. कशाचं म्हणून लिहिते आहे, तेही मला सांगता येणार नाही. झालं ते झालं त्या क्रमानं सांगते.

माझं माहेर जऊळका स्टेशनपासून चार मैलांवर. धाकटा भाऊ नामदेव, त्याची बायको सरू आणि आमची माय, एवढीच माणसं घरात. दसरा झाला की आमच्या भागातली पंधरा-वीस माणसं मुंबईच्या अलीकडच्या डोंगरात गवत कापायला जात. तिथलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. कंत्राटदार जऊळक्याहून गाडीत बसवून न्यायचा, संक्रांतीच्या आत माणसं परत. नामदेव तीन वर्षं गेला आणि आला. चौथ्या वर्षी आला नाही. बरोबरचे म्हणाले, "त्याले ताप होता. तिथल्या रखवालदाराच्या झोपडीत ठुला. बरा झाला का येईन."

आला नाही. कंत्राटदाराला मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. पुढच्या वर्षी सरकारनं तो डोंगर राखला, गवत कापायची बंदी झाली, म्हणून गावातलं कुणी गेलंच नाही. मग एक जण म्हणाला, नामदेवला मुंबईत गिरणीच्या फाटकावर पाहिलं. दुसरा म्हणाला, त्यानं तिकडे दुसरी बाई केली. माय तेवढ्यावर धरून बसली — पोरगा जिवंत आहे.

अशी चार वर्षं गेली. सरू तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. कुंकू लावायची, पण लावताना आरशात बघायची नाही. आमच्यात विधवेचा पाट लागतो, नवऱ्यानं फारकत दिली तरी दुसरं घर करता येतं. पण नवरा मेलाही नाही आणि त्यानं सोडलंही नाही, अशा बाईला कुठलीच वाट नाही. अनसिंगचा एक बिजवर तिला करायला तयार होता. चांगला माणूस, दोन बैलांची शेती. त्यानं सरूच्या भावाला, तुळशीरामला, स्वच्छ सांगितलं, "मेला असंन त तसं सांगा, जिता असंन त फारकत आना. आखाजीपावतर थांबतो, मंग मी मोकया." आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया.

तुळशीराम माझ्याकडे मंगरूळपीरला आला. म्हणाला, "ताई, तुमी चाला. म्या एकट्यानं खबर आनली त तुमची माय म्हनन, बहिनीसाठी खोटं बोलून राह्यला."

बरोबर बोलला. मी आठ दिवसांची रजा काढली.

लढाईचे दिवस होते, दिवाळी होऊन गेली होती. जऊळक्याहून अकोला, अकोल्याहून मुंबईची गाडी, मुंबईच्या अलीकडेच उतरून, गाडी बदलून बोरिवली. तिथून पूर्वेला पायी. त्या डोंगराला आता नॅशनल पार्क म्हणतात. लोक लेणी बघायला, हवा खायला जातात म्हणे. आम्ही गेलो तेव्हा नाक्यावर एक आडवा बांबू आणि एक झोपडी होती, आणि झोपडीत तोच रखवालदार होता. साठीचा, वाळका, एका डोळ्यात फूल पडलेलं.

मी नामदेवचं नाव घेतलं. त्यानं मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाला, "वऱ्हाडचा ना? डाव्या हाताचा?"

"हो."

"तो तर तेव्हाच गेला, बाई. तिसऱ्या दिवशी. तुमची मानसं निघून गेल्ती. मीच लाकडं रचली. कंत्राटदाराला सांगितला, घरी कळव. नाय कळवला काय?"

तुळशीराम खाली बसला. मी विचारलं, ताप कसा होता, थंडी वाजून यायचा का, शुद्ध होती का. तो नीट सांगत गेला. हिवताप डोक्यात चढला होता, त्यात शंका राहिली नाही. शेवटी त्यानं आढ्यात खोचलेला विळा काढून माझ्या हातात दिला. लाकडी मूठ होती, आणि ती डाव्या अंगठ्यानं झिजते तिथे झिजलेली होती. आमच्या घरचाच विळा. मी पिशवीत ठेवला. रडू आलं नाही. चार वर्षांत मनानं ते कधीच उरकून टाकलं होतं.

"जागा दाखवता का?" मी म्हटलं.

सकाळचे दहा झाले असतील. नाक्यापासून तासभर चढ होता. वर झाडी संपली आणि मोकळं पठार लागलं. पश्चिमेला खाली समुद्र दिसत होता, राखेच्या रंगाचा, हलत नसल्यासारखा. मी समुद्र पहिल्यांदाच पाहत होते. फार काही वाटलं नाही. पठारावर कमरेइतकं गवत उभं होतं, शेंड्याला पिवळं, बुडाशी अजून हिरवं.

तुळशीराम म्हणाला, "एवढं गवत, ना कापनारा ना खानारा. आमच्या बैलायनं पाह्यलं असतं त रडले असते बापा."

"बंदी आहे ना," रखवालदार म्हणाला. "तीन वर्षं झाली, काडीला हात लावला कोनी नाय. माझा बैल पन खाली बांधून असतो. साहेब लई कडक."

एका मोठ्या काळ्या खडकामागे नामदेवला जाळलं होतं. खडकाला वळसा घातला आणि रखवालदार जागच्या जागी थांबला.

खडकामागे एका घोंगडीएवढा तुकडा कापलेला होता. बुडाशी, सारखा कापलेला. आणि शेजारी पेंढ्या मांडलेल्या होत्या. सात. आठवी अर्धवट, नुसतीच गवताची कव जमिनीवर ठेवलेली, खाली पिळा अंथरलेला, पण बांधलेली नाही.

रखवालदाराच्या तोंडून आधी शिवी गेली, मग म्हणाला, "माझी नोकरी खाल्ली कोनी तरी."

मी खाली बसले. कापलेल्या दांड्यांना बोट लावलं. ओले होते. रस बोटाला चिकटला. सकाळचंच काम.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे ज्वारीच्या कडब्याची पेंढी बांधतात ती त्यातल्याच दोन-तीन ताटांचा पिळा करून. पिळा उजवीकडे वळवायचा आणि टोक खाली खोचायचं. सगळा गाव तसाच बांधतो. नामदेव डावरा, त्यामुळे त्याचा पिळा डावीकडे वळायचा. डावीकडचा पिळा सुटतो, म्हणून बा त्याला ओरडायचा. मग त्यानं स्वतःची तोड काढली. टोक एकदा खोचून, परत वर काढून, दुसऱ्यांदा खोचायचा. शंभर पेंढ्यांत त्याच्या पेंढ्या लहान पोरंसुद्धा ओळखायची. दुसऱ्या कुणाला तसं बांधताना मी पाहिलेलं नाही. आणि पेंढ्या मी पुष्कळ बांधल्या आहेत, नर्स व्हायच्या आधी.

सातही पेंढ्यांचा पिळा डावीकडे होता, आणि टोक दोनदा खोचलेलं.

तुळशीरामनं माझं तोंड पाहिलं. "काय झालं व ताई? गवत हाय. गवतच हाय ना?"

मी त्याला दाखवलं. तो कुणब्याचा पोर, त्याला वेगळं समजावायची गरज पडली नाही. तो दोन पावलं मागे सरला. रखवालदार म्हणाला, "आमच्याकडं असा बांधत नाय. आमी दोरीनं गठ्ठा बांधतो."

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो सरळ होता — हा म्हातारा खोटं बोलतोय. नामदेव जिवंत आहे, इथंच कुठे तरी लपलाय, घरी यायचं नाही म्हणून म्हाताऱ्याला पढवून ठेवलंय. मी उठले आणि पठाराच्या कडेपर्यंत चालत गेले. ते दोघंही माझ्या मागोमाग आले. खडकापाशी कुणी राहिलं नाही, हे मी खात्रीनं सांगते. कडेवरून खालची झाडी सगळी दिसत होती. मी हाक मारली. "नामदेव, मी ताई हाओ. कोनी रागावनार नाई. सरूले मोकयी कर आन् राह्य तुले जिथं राह्याचं तिथं." दोनदा म्हटलं. माझा आवाज मलाच विचित्र वाटला, कारण मी ते सगळं नुसत्या गवताला सांगत होते.

उत्तर आलं नाही. गवत हललं नाही. एक बिडी ओढून होईल एवढा वेळ आम्ही तिथे उभे होतो, रखवालदारानं खरोखरच एक ओढली. मग परत फिरलो.

आठवी पेंढी बांधलेली होती.

बाकीच्या सातांच्या रांगेत, शेंडे एकीकडे करून ठेवलेली. पिळा डावीकडे, टोक दोनदा खोचलेलं.

कुणी ओरडलं नाही, पळालं नाही. तुळशीरामनं फक्त माझा पदर धरला, लहान पोर धरतं तसा, आणि त्याला ते कळलंही नसावं. मी खडकाभोवती फिरून आले. भोवतालचं गवत कमरेइतकं उभं होतं आणि आमच्या तिघांच्या वाटेखेरीज कुठेही मोडलेलं नव्हतं. माणूस उभ्या गवतातून गेला की माग राहतो. माग नव्हता.

रखवालदार हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचा मानूस असंल नसंल. पन साहेबानं या पेंढ्या पाह्यल्या तर मला घरी बसवील. काय तरी करा."

म्हणून मग मीच बसले आणि एकेक पेंढी सोडली. तुळशीराम हात लावायला तयार नव्हता. पिळा घट्ट होता, नखांनी उकलावा लागला. आठही सोडल्या, गवत मूठमूठ करून उभ्या गवतात फेकून दिलं. मी पूर्वी नामदेवबरोबर रांगेत पेंढ्या बांधल्या होत्या, सोडल्या कधी नव्हत्या. आठवी सोडताना हात थांबला... पण अर्धं काम ठेवून उठायची मला सवय नाही.

उतरताना तुळशीराम म्हणाला, "ताई, जिता असला त?"

"मग तू काय करशील?"

"मले काय म्हनता. तुमी सांगा."

मी चालता चालता विचार केला. म्हाताऱ्यानं तापाचं जे सांगितलं होतं ते रचून सांगता येण्यासारखं नव्हतं, मी असे रोगी पाहिलेत. विळा खरा होता. आणि पेंढ्याही खऱ्या होत्या. दोन्हींचा मेळ बसत नव्हता. पण सरूला मेळ नको होता, तिला एक उत्तर हवं होतं. जिवंत म्हणावं, तर तो फारकत द्यायला समोर येणार नव्हता, आणि ती जन्मभर आरसा टाळून कुंकू लावत बसली असती.

"म्हाताऱ्यानं जे सांगितलं, तेवढंच सांगायचं," मी म्हटलं. "पेंढ्यांचं नाव काढायचं नाही."

"सरूलेही?"

"तिला तर मुळीच नाही."

अकोल्यापर्यंत तो माझ्याकडे पाठ करून बसला.

मायनं विळा हातात घेतला, मूठ चाचपली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दोन दिवस काही खाल्लं नाही. नंतर उठून कामाला लागली. मी तिला ओळखते, तिचा विश्वास बसला होता. आखाजीला, जेव्हा आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिनं पहिल्यांदा नामदेवच्या नावाची घागर भरली. गावाला तेवढं पुरलं. पुढल्या पंधरवड्यात सरूचा पाट लागला. आता तिला दोन पोरं आहेत, दोन्ही बाळंतपणं मीच केली.

याचा उलगडा कुणी सांगेल म्हणून मी लिहिलं आहे, असं नाही. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, चोरून गवत कापणारा कुणी असेल, तुम्ही दमला होतात. असेल. दुसरा कुणी डावखुरा असेल, वऱ्हाडाकडचा असेल, आठवी पेंढी बांधून माग न ठेवता गेला असेल. मी वाद घालणार नाही. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि आता ते शोधायला मी पुन्हा त्या डोंगरावर जाणारही नाही.

फक्त पाटाच्या आदल्या दिवशी सरूनं मला गोठ्यामागे गाठलं होतं. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. म्हणाली, "ताई, एकच विचारतो. तुमी सोताच्या डोयानं पाह्यलं ना?"

मी म्हटलं, "पाह्यलं."

तिनं माझ्या पायाला हात लावला आणि गेली. मी तिला त्या दिवशी खरं सांगितलं की खोटं, तेवढं मला अजून कळलेलं नाही.