वाळवंटातला राखणदार

वाऱ्याने एक दार करकरत होते आणि त्या दाराला भिंतच नव्हती! कुवेत सिटीपासून दूर, वाळवंटात ओस पडलेल्या त्या कामगार-वसाहतीचे पहिले दर्शन मला असे घडले. चहूकडे मोकळी वाळू असताना, मी सभ्य गृहस्थ, त्या दारातूनच आत गेलो.

मला तिथे नेले सदूकाकांनी. काका मालवणकडचे सुतार, कुवेतच्या हवल्ली भागातले आमचे शेजारी. त्यांचे तारुण्य या वसाहतीत सरले. तिचा इतिहास त्यांनी गाडीतच सांगितला: कंपनीने खोल्या बांधल्या, एक खानावळ काढली, काम संपले, माणसे पांगली आणि वाळू बिनभाड्याने राहायला आली. साम्राज्यांचे इतिहास तरी याहून निराळे असतात का? त्यांत फक्त माशांच्या कालवणावरून झालेल्या लढाया नसतात.

काका दोन दिवसांनी कायमचे गावी निघाले होते आणि राखणदाराचा निरोप घेतल्याखेरीज त्यांचा पाय निघेना. वसाहतीच्या वेशीवरच्या एका उभ्या दगडाला काकांसारख्या कोकणी कामगारांनी आल्या आल्या राखणदार, म्हणजे वेशीची राखण करणारा देव, ठरवून टाकले होते. दरवर्षी त्याला नारळ, गाऱ्हाणे, सगळे यथासांग. गाऱ्हाणे, म्हणजे देवाला मोठ्याने साकडे, घालायला एकटा माणूस पुरतो. पण त्याच्या प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला दुसरा लागतो, आणि ते म्हणणारे आता उरले नव्हते. म्हणून माझी नेमणूक! मी पुण्याचा, बँकेतला, देवाकडेही पुरावा मागणारा.

दगडावरची वाळू झटकली, तर खाली बाण आणि आकडा. जमीन मोजणाऱ्यांनी रोवलेली हद्दीची खूण! जिभेला राहवेना, मी बोलून गेलो आणि तत्क्षणी ओशाळलो. आता हा म्हातारा कुणाचा निरोप घेणार?

काका शांतपणे नारळ सोलत म्हणाले, “माका म्हायत आसा रे. पण इतकी वर्सां ह्येनीच आमका सांभाळल्यान. आता ह्येका कशाक सांगतंस, तू नुसतो दगड म्हणान?”

मग ते हात जोडून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू आज कायमचा घराक जाता, तेका सुखान निरोप दी रे म्हाराजा!”

“होय महाराजा,” मी पुटपुटलो, ऑफिसात सही करावी तसा.

“आणि ह्यो पुण्याचो झील तुझ्या दारात उभो आसा, तेकाय एक दिवस सुखरूप घराक धाड रे म्हाराजा!”

त्या निर्मनुष्य गावात मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की काकाही दचकले: “व्हय म्हाराजा!”