दोन माणसांची जागा

आमच्या घराण्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही स्वतःच्याच वावरात. त्यामुळे समुद्रपूरजवळचं वावर विकायची वेळ आली तेव्हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. वावरासोबत मोठेबाबाही विकले जातात का?

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वावर घेणारा होता त्यांचा शेजारी. दोघांची धुऱ्यावरून हयातभर भांडणं. दोन वावरांमधला तो मातीचा बांध याने इकडून कोरायचा, त्यांनी तिकडून, आणि हातभर जमिनीसाठी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. असा माणूस आता मोठेबाबांचा मालक होणार होता. मला तर हसूच आवरेना.

मोठी माय, म्हणजे मोठेबाबांची बायको, विक्रीला तयार होती. पोरं नागपुरात नोकरीला, कसणार कोण? पण नवऱ्याच्या बाजूची जागा तिची होती आणि ती तिला कागदावर हवी होती.

तहसिलीबाहेर अर्जनवीस खरेदीखत वाचू लागला, "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह..."

"निक्षेप म्हंजे काय?" मोठ्या मायनं अडवलं.

"जमिनीत ठेवलेलं जे काई असन थे."

"म्हंजे आमचे थे बी आले त्याच्यात?"

अर्जनवीसाची लेखणी थांबली. हे सगळ्याच खतांत असतं, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. ती ऐकेना. शेवटी त्यानं घाम पुसत लिहिलं, 'दोन माणसांची जागा वगळून'. आतल्या साहेबांनी खत परत पाठवलं. माणूस हे माप सरकारात चालत नाही, लांबी-रुंदी आणा म्हणाले.

मग आम्ही सगळे वावरात. मोठी माय नवं लुगडं नेसून आली होती. मोठेबाबांच्या समाधीच्या डाव्या अंगाला ती सरळ आडवी झाली आणि म्हणाली, "घ्या माप."

दोरी शेजाऱ्याच्या हातात. तो बिचारा कानकोंडा झाला. "वहिनी, उठा ना! लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या. अन् भाऊजी, दोरी आखडू नोका. तुमची सवय मले मालूम हाय."

त्यानं निमूट मापलं. वर हातभर जागा आणखी सोडली. काऊन म्हणून विचारलं, तर म्हणाला, "कूस बदलाले लागते ना." चार कोपऱ्यांना दगड रोवले, माप खतात चढलं आणि मोठी माय कपडे झटकत उठली.

पुढे दर अक्षय तृतीयेला ती समाधीला पाणी द्यायला जायची आणि कुरकुरत परतायची. शेजारी म्हणे मोठेबाबांच्या उजव्या अंगाला, दगडांच्या बाहेर, आपलीच जमीन पडीत ठेवू लागला होता. हातभर जमिनीसाठी जन्म घालवणारा माणूस फुकट जमीन सोडतो? "काईतरी डाव हाय त्याचा," ती म्हणायची.

काही वर्षांनी ती गेली. तिला तिच्या जागेत ठेवलं. खड्डा शेजाऱ्यानंच खणून ठेवला होता, चांगला ऐसपैस. लोक पांगल्यावर मी उजवीकडच्या त्या पडीत तुकड्याबद्दल त्याला विचारलंच.

"थे तुमच्यातलं नाई," तो एकदम उसळला. "माह्या वावरातलं हाय. माही जागा हाय थे."

पुरायची रीत त्यांच्यातही होती. पण इथं?

"मोठेबाबांच्या बाजूले?"

"मंग! तिकडं दुसऱ्या कोनासंग भांडू?" मातीचा हात धोतराला पुसत तो समाधीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून दटावल्यासारखं म्हणाला, "पन मधात धुरा टाकाचा नाई. आताच सांगून ठेवतो."

हे ऐकायला मोठी माय हवी होती. तिनं ते तिथल्या तिथं लिहून मागितलं असतं.